‘का गा’, ‘का जी’ आणि ‘जय भीम’

नागपुराहून हावड्याच्या रस्त्यानें पूर्वेस निघालें, कीं सुमारें १३० किलोमीटरांवर गोंदिया लागतें. स्टेशनावर हमाल, चहावाले, फेरीवाले सगळे हिंदींत बोलत असतात. त्यामुळें पुण्यामुंबईचा प्रवासी ‘येथें मराठी संपली’ असें ठरवून मोकळा होतो. श्रोतेहो, ती संपलेली नसते. बाजार ओलांडून धानाच्या बांध्यांपर्यंत जाण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

वैनगंगेच्या खोऱ्यांतील या रानावनाच्या मुलखाला झाडी म्हणतात आणि तेथील मराठीला झाडीबोली. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा झालेला गोंदिया जिल्हा या झाडींतच मोडतो. एका अंगास बालाघाट, दुसऱ्या अंगास छत्तीसगड. म्हणून घरांत पोवारी किंवा गोंडी, बाजारांत हिंदी आणि शाळेंत पुस्तकी मराठी, असा व्यवहार कित्येक कुटुंबांत बिनबोभाट चालतो.

नवख्याच्या कानाला प्रथम खटकतें तें ‘गा’. बरोबरीचा गडी भेटला, कीं ‘का गा?’ वडीलधारा असला, तर ‘का जी?’ बाईमाणूस असेल, तर ‘का वो?’ एवढ्या एका अक्षरांत वय, नातें आणि मान हीं तिन्ही ठरून जातात; मागून येणारा ‘रामराम’ हा निव्वळ उपचार. आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ हें ‘गा’ ऐकून चपापतो. त्याला वाटतें, याने आपल्याला अरे-तुरे केलें. वास्तविक ज्ञानेश्वरींत हेंच ‘गा’ पदोपदीं भेटतें आणि तेथें तें आपल्याला गोड लागतें!

उच्चारांचेंही असेंच आहे. ‘पाणी’चें ‘पानी’ होणें ही कांहीं झाडीची मिरासदारी नव्हे. पण ‘ळ’ची गोष्ट मौजेची आहे. ‘डोळा’ हा शब्द वऱ्हाडांत ‘डोया’ होतो, तर झाडींत ‘डोरा’. ‘काळा’ तिकडे ‘काया’, इकडे ‘कारा’. अशा नियमानें चालणाऱ्या बोलीला अशुद्ध म्हणण्यांत मला तरी अर्थ दिसत नाहीं. आणि ‘डोरा’ म्हटल्याबद्दल वर्गांत एकदां हसें झालें, कीं तें मूल उत्तर येत असूनही पुढें बोट वर करीत नाहीं. नुकसान होतें तें हें.

इंग्लंडांतही हा तंटा झालेला आहे, आणि तोही रेडिओवर. तेथें बातम्या दक्षिणेकडील सुशिक्षितांच्या एकाच घाटणीच्या उच्चारांत वाचल्या जात. १९४१ सालीं, ऐन युद्धांत, बी.बी.सी.नें विल्फ्रेड पिकल्स नांवाच्या यॉर्कशायरच्या माणसाला बातम्या वाचावयास बसविलें. निरोप घेतांना तो उत्तरेकडील श्रोत्यांना ‘गुड नाइट’ऐवजीं त्यांच्याच उच्चारांत ‘गुड नीट’ म्हणे. तक्रारींचीं पत्रें आलीं. बातम्या त्याच, पण अशा उच्चारांत त्या कित्येकांना खऱ्याच वाटेनात!

नुसता उच्चार बदलल्यानें एवढें होतें, तर अभिवादनाचा शब्दच बदलला म्हणजे काय होतें, हें पाहण्यास विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. जुन्या गांवगाड्यांत महारानें वरच्या लोकांना वाकून ‘जोहार’ घालावा, अशी रीत होती. एकनाथांच्या भारुडांतही महाराच्या तोंडीं हा जोहार आहे. तो खालून वर जाणारा शब्द होता. १९३० नंतरच्या दशकांत ‘जय भीम’ पुढें आला. तो रूढ करण्याचें श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना देतात. हे हरदास १९३७ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या विधानसभेवर निवडून आले आणि १९३९ सालीं ऐन तारुण्यांत वारले. त्यांच्या त्या दोन शब्दांची खुबी अशी, कीं ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च येतें; त्यांत वरचा-खालचा उरत नाहीं, कोणाला वांकावेंही लागत नाहीं. १९५४ सालीं डॉ. आंबेडकर भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले, तेव्हां गोंदिया त्याच जिल्ह्यांत होतें. ती निवडणूक ते हरले. ‘जय भीम’ मात्र या मुलखांतून गेला नाहीं.

गंमत अशी, कीं तोच ‘जोहार’ छत्तीसगड-झारखंडाकडील आदिवासी एकमेकांना बरोबरीच्या नात्यानें आणि अभिमानानें घालतात. शब्द एक, पण घालणारा ताठ उभा आहे कीं वांकलेला, यावर सारें अवलंबून!

गोंदियांतील गोंड समाजाचें आजचें अभिवादन ‘जय सेवा’. सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या गुहेपाशीं माघी पौर्णिमेला यात्रा भरते, तेव्हां दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या लोकांच्या तोंडीं तेंच असतें. त्या गर्दींत शहरी पाहुण्यानें ‘नमस्कार’ म्हटला म्हणून कोणी रागावणार नाहीं. पण एकदां ‘जय सेवा’ म्हणून पाहावें. समोरचा बहुधा आनंदानें पुढचें सगळें गोंडींतच बोलूं लागेल, आणि मग आपली खरी पंचाईत होईल.