खांदेरीची शिबंदी (१६७९-८०) : दोन बेटे आणि एक किनारा

मुंबई बंदराच्या मुखातून बाहेर पडून दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटर गेले की खांदेरी आणि उंदेरी ही दोन लहान बेटे लागतात. उंदेरी थळच्या किनाऱ्याच्या अधिक जवळ आहे, तर खांदेरी आणखी पश्चिमेस, खोल पाण्याच्या बाजूला आहे. १६७९ च्या ऑगस्टअखेरीपासून पुढील जवळजवळ पाच महिने खांदेरीवर मराठ्यांची एक छोटी शिबंदी शत्रूच्या आरमारासमोर तग धरून राहिली. या प्रसंगाचे वर्णन सामान्यतः आरमारी झुंज म्हणून केले जाते व त्यात दौलतखान, केग्विन, सिद्दी कासम हे नायक असतात. प्रस्तुत लेखात मात्र दृष्टी बेटावरील माणसांकडे वळवावयाची आहे. वेढ्यात सापडलेले ओसाड बेट पाच महिने जगले कसे, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम बेट घेण्याचे कारण पाहू. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार मोगलांच्या चाकरीत होते आणि ते पावसाळा माझगावात काढीत असे. इंग्रजांना हे पाहुणे नकोसे असले तरी मोगलांच्या नाराजीची धास्ती त्यांना अधिक वाटे. पावसाळा संपताच हेच आरमार कुलाब्याच्या गावांवर तुटून पडे. १६७८ च्या पावसाळ्यात माझगावातील ही जहाजे जाळण्याच्या उद्देशाने मराठ्यांची फौज पनवेलपर्यंत आली होती. परंतु खाडी ओलांडणे तिला जमले नाही. खांदेरीवर ठाणे असते तर मुंबईत येणारे-जाणारे प्रत्येक गलबत नजरेच्या टप्प्यात आले असते. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांनी येथे बांधकामाचा प्रयत्न केला होता, तो इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला. दुसऱ्या वेळी त्यांनी मुहूर्त निवडला तो पावसाळ्याच्या शेवटच्या दिवसांचा. दर्या अजून खवळलेला, मोठी जहाजे अद्याप नांगरून पडलेली. वेळेची ही निवड, माझ्या मते, संपूर्ण मोहिमेतील सर्वांत मर्मज्ञ निर्णय होय.

मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. हे बेट मुंबईचे असल्याने ते सोडून जावे, असे इंग्रजांनी कळविले. धन्याच्या हुकुमाविना जाता येत नाही, असे उत्तर त्याने दिले. १९ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा अविचारी प्रयत्न केला. त्यात तो स्वतः मारला गेला. त्यानंतर वेढा आवळण्याचे काम कॅप्टन रिचर्ड केग्विन याच्याकडे आले. (हाच केग्विन पूर्वी अटलांटिकमधील सेंट हेलिना बेटाचा गव्हर्नर होता, दूरच्या बेटावरील फौजेची उपासमार म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.) १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला. ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले, तर ‘रिव्हेंज’ने एकटीने झुंज देऊन आपला बचाव केला. विजय कोणाचा, यावर वाद घालता येईल. शिबंदीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, त्या लढाईच्या आधी आणि नंतरही रसद चालूच राहिली.

ती कशी, हे समजण्यासाठी बोटींचा व वाऱ्याचा विचार करावा लागतो. वेढा घालणारी इंग्रजी जहाजे खोल बुडणारी आणि शिडांवर अवलंबून असलेली होती. वारा पडला की ती जागच्या जागी खिळत. थळच्या बाजूने निघणाऱ्या मराठी होड्या व मचवे उथळ पाण्यातून चालत, वल्ह्यांवर वाऱ्याच्या विरुद्धही जात. शिवाय पावसाळा ओसरल्यावर या किनाऱ्यावर रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर तो उलटा फिरतो. थळहून रात्री निघालेल्या होडीला जाताना मतलई आणि परतताना खारा वारा मिळत असणार, असे अनुमान करण्यास हरकत नाही. या चिमुकल्या होड्या आपल्या जहाजांना हुलकावणी देऊन जातात, याची कबुली इंग्रजांच्या तत्कालीन पत्रव्यवहारातच मिळते. या होड्यांतून धान्य, दारूगोळा आणि माणसे जात. तटाचे काम भर तोफांच्या माऱ्यात चालू होते. म्हणजेच शिपाई, गवंडी आणि पाथरवट यांतील भेद त्या दिवसांत फारसा उरला नसावा.

रसद वेळेवर न पोहोचणे हा महाराजांच्या दृष्टीने केवढा गुन्हा होता, याचा पुरावा याच्या चार वर्षे आधीचा आहे. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारला जात असताना प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने रसद व ऐवज पोहोचविण्यात कसूर केली. १६७५ च्या जानेवारीतील पत्रात महाराजांनी त्याची जी खरडपट्टी काढली आहे, तिचा आशय असा की, अशी दिरंगाई म्हणजे शत्रूची चाकरीच होय आणि जातीकडे पाहून कोणाची गय केली जाणार नाही. पाण्याविषयीची दक्षता पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त नियम म्हणूनच आली आहे. किल्ल्यावर एकाच झऱ्यावर विसंबू नये, टाकी बांधून ठेवावीत, असे तेथे बजावले आहे. सागरी ठाण्यांच्या अनुभवाचाही या शहाणपणात वाटा असावा.

आता मुंबईकडे पाहू. आपण विसरतो की वेढा घालणारी मुंबईही त्या काळी बेटच होती. तिचे धान्य व जळाऊ लाकूड पलीकडच्या किनाऱ्यावरून येई आणि त्या किनाऱ्याचा मोठा भाग मराठ्यांच्या ताब्यात होता. ऑक्टोबरमध्ये कल्याण-भिवंडीच्या बाजूस मराठी फौज जमताच मुंबईत घबराट उडाली. पोर्तुगीजांनी आपल्या मुलखातून वाट दिली नाही म्हणून ती फौज तेथेच थांबली. त्यातच कंपनीचे वरिष्ठ काटकसरीच्या मागे लागलेले होते. शिपायांच्या पगारात व संख्येत केलेली हीच काटकसर पुढे १६८३ मध्ये केग्विनच्याच नेतृत्वाखाली मुंबईत बंड होण्यास कारण झाली. म्हणजे एक बेट दुसऱ्या बेटाची उपासमार करू पाहत होते आणि दोघांचेही पोट एकाच किनाऱ्यावर अवलंबून होते. खांदेरीला तो किनारा आपला होता. मुंबईला तो परका होता.

नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीस आला, पण खांदेरी पडल्यास तो ती आपल्याकडेच ठेवील, हा संशय इंग्रजांना सतावू लागला. १६८० च्या जानेवारीत सिद्दीने उंदेरी बळकावून तेथे तोफा चढविल्या. त्यानंतर इंग्रजांनी अंग काढून घेतले आणि मार्चमध्ये मराठ्यांशी तह केला. सिद्दीच्या आरमाराला मुंबईत पावसाळा काढू देण्यावर त्यात बंधन आले. एप्रिलच्या आरंभी महाराजांचे निधन झाले. पुढे कित्येक वर्षे खांदेरी आणि उंदेरी समोरासमोर एकमेकींवर तोफा डागीत राहिल्या.

या प्रसंगाची बहुतेक माहिती वेढा घालणाऱ्यांच्या लेखणीतून आली आहे, हे वर्गात शिकविताना सांगणे आवश्यक आहे. पुण्यात १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’मधील पत्रे समुद्रावरून बेटाकडे पाहणाऱ्यांची आहेत. त्यांत जहाजांची नावे, तारखा व खर्च येतो. दीडशे जणांपैकी मायनाकाखेरीज फारसे कोणी नावानिशी येत नाही. तरीही या पत्रांतील तक्रारी उलट्या वाचल्या, म्हणजे होड्या आज पुन्हा निसटल्या, तट काल होता त्याहून उंच झाला, अशी विधाने शिबंदीच्या बाजूने वाचली, तर तिची दैनंदिनी बरीचशी हाती लागते.

१७१८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यातील खांदेरीवर चाल केली, तीही फसली. १८१८ मध्ये मराठी सत्तेच्या अस्ताबरोबर किल्ला इंग्रजांकडे गेला व १८६७ मध्ये तेथे दीपगृह उभे राहिले. बेटावर वेताळाचे स्थान असून कोळी बांधव त्याला मानतात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत खांदेरी आहे. आणि सिद्दीची जहाजे जेथे पावसाळा काढीत, त्या माझगावच्या गोदीत बांधलेली ‘खांदेरी’ नावाची पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली.