*जुन्या जीपचा रिव्हेटचा पत्रा बदलताय? आधी हे वाचा*



खताची पोती, फवारणीचे पंप, ओला भाजीपाला, सगळं जुन्या जीपमधूनच जातं. फ्लोअर गंजला की बऱ्याचदा वरून अ‍ॅल्युमिनियमचा चेकर पत्रा टाकून रिव्हेट मारले जातात. गाडी दिसायला चकाचक, पण खालचा गंज तसाच. भरल्या गाडीत ब्रेकवर जोर दिला आणि पायाखालचा पत्रा खचला, तर काय होईल याचा विचार करा.

*असं का होतं?*
लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल शिरली, की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी सुटते. दोन पत्र्यांमधलं पाणी लवकर वाळत नाही, म्हणून खालचं लोखंडही गंजत राहतं. त्यात खताचे क्षार पडले की गंज आणखी जोरात. ब्रिटनमध्ये १९४८ साली आलेल्या लँड रोव्हरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि चॅसिस लोखंडी. त्या जुन्या गाड्यांतही जोडाच्या जागी हाच त्रास होतो.

*काम असं करून घ्या*

१) गाडीखालून बघा. स्क्रूड्रायव्हर टोचून आत गेला तर तेवढा भाग कापावाच लागेल. चॅसिस, बॉडी माउंट, सीट किंवा सीटबेल्टची जागा गंजली असेल तर तिथे रिव्हेट चालत नाही. चांगल्या कारागिराकडून वेल्डिंगच करा.

२) बॅटरीची वायर काढा. खालून ब्रेकचा पाइप, डिझेलचा पाइप, वायरिंग कुठून जातं ते बघूनच ड्रिल चालवा. काही जुन्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. जवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवायचा असेल तर आधी टाकी उतरवून लांब ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते.

३) जुने रिव्हेट छिन्नीने तोडू नका, भोकं फाटतात. रिव्हेटच्याच जाडीचा बिट लावून डोकं उडवा, उरलेला भाग पंचने खाली पाडा.

४) जुना पत्रा लगेच भंगारात देऊ नका. नवा पत्रा कापायला तोच साचा.

५) लोखंड तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, वाळल्यावर रंग मारा. अ‍ॅल्युमिनियम बसवणार असाल तर मध्ये रबराची पट्टी किंवा सिलंट हवंच.

६) ४.८ मिमी रिव्हेटला ४.९ मिमीचं भोक पुरे. भोक मोठं झालं की रिव्हेट ढिला राहतो. काठापासून किमान १० मिमी आत भोक पाडा. आधी चार कोपऱ्यांना नटबोल्ट लावून पत्रा बसतो का बघा, मगच रिव्हेट मारा.

७) फ्लोअरमधली पाणी जायची भोकं बुजवू नका.

जसा होता तसाच पत्रा बसवणं ही दुरुस्ती झाली. बॉडीचा प्रकारच बदलणार असाल तर आधी आरटीओची परवानगी घ्या.

पुढेही खत वाहून आणलं की त्याच दिवशी फ्लोअर साध्या पाण्याने धुवा आणि गाडी उन्हात वाळू द्या.

गॅरेजवाल्याला एकच सांगा: *"वरून पत्रा मारायच्या आधी खालचं दाखवा."*

आपली शेतकरी उत्पादक कंपनी