लिलावातला फौजी ट्रक आणि घाटाचे वळण

साताऱ्याहून कऱ्हाडमार्गे सांगलीकडे जाताना रस्त्याकडेच्या एखाद्या गॅरेजच्या आवारात रंग उडालेला, उंच, हिरवा ट्रक उभा दिसला, तर विद्यार्थी मित्रहो, थोडे थांबा. पाटीवरचा क्रमांक अजून पुसला गेला नसेल तर त्यात वर टोक केलेला एक बाण असेल आणि बाणाजवळ दोन आकडे. ते दोन आकडे म्हणजे सैन्याने ती गाडी घेतल्याचे वर्ष. बाणाजवळ 78 असेल तर गाडी 1978 सालची. झाडाचे वय कळायला खोड कापावे लागते, फौजी गाडीचे वय मात्र कपाळावरच लिहिलेले असते.

सातारा जिल्ह्याला फौजी गाडी नवी नाही. अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे आणि साताऱ्याची सैनिक शाळा 1961 पासून चालू आहे. पण आपला आजचा विषय सैनिक नसून त्याची निवृत्त झालेली गाडी हा आहे. आयुष्य संपलेली किंवा दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झालेली वाहने सैन्य लिलावात काढते. काही भंगारात जातात, तर काही नागरी नोंदणी होऊन सांगलीची एमएच-10 किंवा साताऱ्याची एमएच-11 अशी पाटी लावून दुसरा संसार मांडतात. कुणी त्यांवर क्रेन चढवतो, कुणी पाण्याची टाकी. आणि कुणी हौसेने त्यांना पहिल्यासारखे करू पाहतो.

आपल्याकडे अशा गाड्यांत अधिक परिचयाचा तो ‘शक्तिमान’. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या आयुध निर्माणीत 1959 पासून हा ट्रक तयार होऊ लागला. पुढे 1969 मध्ये त्याच शहरात वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. निस्सान कंपनीच्या परवान्यावरचा एक टनी ट्रक आणि ‘जोंगा’ ही जीपसारखी गाडी, याही जबलपूरच्याच. जोंगा हे नाव कुठल्या परक्या भाषेतले नव्हे. ती जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे आहेत!

या गाड्या आणि बाजारातला माल वाहणारा साधा ट्रक यांत मुख्य फरक कोणता? साध्या ट्रकात इंजिनाची शक्ती फक्त मागच्या चाकांना मिळते. पुढची चाके नुसती ढकलली जातात. फौजी गाडीत ती पुढच्या चाकांनाही देता येते. त्यासाठी गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यातून एक दांडा मागे जातो, एक पुढे. कोयनेच्या खोऱ्यातला पावसाळी लाल चिखल असो वा सांगलीकडच्या काळ्या रानातली उसाच्या फडाची वाट असो, चारही चाके जोर लावू लागली की गाडी निघते. हाच गुण डांबरी रस्त्यावर गाडीचा घात कसा करतो, ते आता पाहू.

आधी बैलगाडी आठवा. तिचा आख फिरत नाही, दोन्ही चाके त्यावर सुटी फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, ते खुशाल जास्त फिरते. मोटारीत चाकांना इंजिनाने फिरवायचे असल्यामुळे त्यांना असे सुटे ठेवून भागत नाही. म्हणून आसाच्या मध्यावर डिफरन्शिअल नावाची दंतचक्रांची जुळणी बसवतात. तिचे काम तागडीच्या दांडीसारखे असते. दांडीचे एक टोक खाली गेले की दुसरे वर येते. तसे एक चाक जितके मंद होईल तितके दुसरे जलद होते, आणि जोर मात्र दोघांना सारखाच मिळतो. (एक चाक चिखलात गरगर फिरत असताना कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक ढिम्म का राहते, याचे उत्तरही यातच आहे. चिखलातल्या चाकाला लागणारा जोर नगण्य, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य.)

डाव्या-उजव्या चाकांचा प्रश्न असा सुटला. पण पुढच्या आणि मागच्या चाकांचे काय? वळताना त्यांच्याही वाटा वेगळ्या असतात. आकडेच घेऊ. समजा, पुढच्या व मागच्या आसांत 4 मीटर अंतर आहे आणि पसरणीच्या घाटातल्यासारख्या एका तीव्र वळणावर मागच्या आसाचा मध्य 8 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो. पायथागोरसच्या सिद्धांताने पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या 64 अधिक 16, म्हणजे 80 चे वर्गमूळ, सुमारे 8.94 मीटर येते. गाडी अर्धे वर्तुळ फिरली तर मागचा आस 25.1 मीटर चालला आणि पुढचा 28.1 मीटर. फरक 3 मीटरांचा. चाकाचा व्यास 1 मीटर धरला तर परिघ 3.14 मीटर. म्हणजे त्या एका वळणात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जवळजवळ एक पूर्ण फेरा जास्त घ्यायला हवा!

पण जीपसारख्या अनेक फौजी गाड्यांत पुढचा आस जोडला की दोन्ही दांडे ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना घट्ट बांधले जातात. एकाचा फेरा तोच दुसऱ्याचा. मग तो जास्तीचा फेरा आणायचा कुठून? चिखलात चाक थोडे घसरते आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर घर्षण इतके असते की चाक सहज घसरत नाही, आणि तो सगळा फरक दांड्यांना पीळ बसण्यात साठत जातो. स्टिअरिंग जड होते, पुढचा आस सोडवण्याचा दांडा जागचा हलत नाही, टायर झिजतात आणि कुठेतरी दंतचक्राचा दात उडतो. नवा मालक म्हणतो, ‘गाडीच खराब निघाली.’ गाडी खराब नव्हती, ती ज्या जमिनीसाठी घडवली होती ती जमीन तिच्या पायाखाली नव्हती. असा पीळ बसला तर गाडी सरळ ठेवून थोडी मागे घ्यावी, बहुधा तो सुटतो. चाक जॅकवर उचलून सोडवू पाहणारे अधूनमधून भेटतात. साठलेला पीळ सुटताना ते चाक एकदम फिरते, आणि समोर माणसाचा हात असतो.

वळण नसले तरी हा पीळ बसू शकतो. पैसे वाचवण्यासाठी पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले घातले, आणि व्यासात 100 सेंटिमीटरला 2 सेंटिमीटर फरक पडला, तर तो 2 टक्के झाला. पुढचा आस जोडून सरळ रस्त्याने गेले तरी दर किलोमीटरला 20 मीटरांचा फरक!

टायरचा विषय निघालाच आहे तर सर्वांत धोक्याच्या जागेबद्दल बोलायला हवे. जड ट्रकांच्या अनेक रिमा अखंड नसतात. टायरला जागेवर धरणारी एक पोलादी कडी वेगळी असते. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो हवा आहे असे समजा. टायरच्या बाजूचे, 50 ते 90 सेंटिमीटर व्यासांमधले कडे सुमारे 4,400 चौरस सेंटिमीटर भरते. त्यावरचा एकूण दाब 22,000 किलो. यातला निम्माच कडीवर आला असे धरले तरी 11 टन झाले! वर्षानुवर्षे पावसात उभ्या राहिलेल्या ट्रकाची कडी गंजलेली असते आणि खाचेत नीट बसत नाही. म्हणून जाणता मिस्त्री नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडतो आणि पुन्हा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवतो. काही फौजी रिमा तर दोन अर्ध्या भागांच्या, बोल्टांनी जोडलेल्या असतात. चाक काढायचे नट कोणते आणि रिम उघडायचे कोणते, यात गफलत झाली तर दुसरी संधी मिळत नाही. ब्रिटिश सैन्यात रिम जोडणारे नट यासाठीच तांबडे रंगवीत. गाडीला नवा रंग देताना हौशी माणूस सर्वांवर एकच हिरवा हात फिरवतो, तेव्हा तो सूचनाच पुसून टाकत असतो.

सुट्या भागांची गोष्टही अशीच फसवी आहे. जुना दांडा लेथवर हुबेहूब कातून मिळतो, मापे तंतोतंत जुळतात, पण मापे म्हणजे सर्व काही नव्हे. दंतचक्राच्या मूळ पोलादाला वरचा थर कठीण आणि गाभा चिवट राहील असे उष्णतेचे संस्कार दिलेले असतात. नुसता कठीण असता तर दात काचेसारखा तुटला असता, नुसता मऊ असता तर महिन्यात झिजला असता. साध्या पोलादाचा नवा भाग दिसायला जुन्याचा जुळा भाऊ, पण भरल्या गाडीने घाट चढताना पिळून जातो.

वळणाचा प्रयोग घरी करून पाहता येईल. शिवणाच्या दोऱ्याची चार रिकामी रिळे आणि दोन काड्या घ्या. एका काडीवर दोन रिळे खळीने पक्की चिकटवा, दुसरीवर सुटी ठेवा. ताटात बारीक वाळूचा पातळ थर पसरा आणि दोन्ही जोड्या एकेक करून वर्तुळात फिरवा. मग वाकून उमटलेल्या वाटा पाहा. सुट्या रिळांच्या खुणा स्वच्छ असतील, चिकटवलेल्या रिळांनी वाळू खरवडलेली असेल. आता वाळू झटकून तेच खडबडीत फरशीवर करा आणि काडी बोटांत कशी चुळबुळते ते अनुभवा.