खेळाचे रेकॉर्डिंग आणि आवाजाचा तोल

व्हिडिओ खेळ रेकॉर्ड करताना खेळाचा आवाज, खेळणाऱ्याचे बोलणे आणि सोबत्यांच्या गप्पा असे तीन आवाज एकत्र आणावे लागतात.

पूर्वी असा तोल अंतरावरून साधत. उदाहरणार्थ, गायक इनायत खाँ यांचे गाणे १९०९ मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रित झाले. तेव्हा ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वापरात नव्हता. गायक आवाज टिपणाऱ्या कर्ण्याजवळ आणि साथीदार मागे बसत. मेणाच्या तबकडीवर एकदा उमटलेले प्रमाण नंतर बदलता येत नसे.

आज प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवता येतो. ‘ओबीएस स्टुडिओ’ या मोफत प्रणालीत असे सहा ट्रॅक मिळतात. संगणकावरील खेळाचा आवाज थेट घेता येतो. कन्सोलचा आवाज मात्र एचडीएमआय केबलने कॅप्चर कार्डमार्फत येतो. प्लेस्टेशनमध्ये त्यासाठी आधी एचडीसीपी हे संरक्षण बंद करावे लागते.

बोलण्याची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलदरम्यान राहावीत आणि खेळाचा आवाज त्याहून सुमारे १० डेसिबल खाली असावा. शून्यावर गेलेला आवाज फाटतो आणि तो नंतर नीट दुरुस्त होत नाही. खेळाच्या आवाजाला मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर लावून त्याला माइकच्या इशाऱ्यावर चालवले, की बोलणे सुरू होताच खेळ आपोआप दबतो. सर्व उपकरणांचा नमुना-दर ४८ किलोहर्ट्झ ठेवावा. मोठ्या रेकॉर्डिंगपूर्वी मिनिटभराची चाचणी हेडफोनवर ऐकून घ्यावी.