रोजगारातील शारीरिक आकर्षकता आणि भेदभाव : एक विवेचन

प्रस्तावना :
जात, धर्म व लिंग यांवर आधारित भेदभाव हा समाजशास्त्रीय अभ्यासाचा प्रस्थापित विषय आहे. त्या तुलनेत चेहरा, वर्ण, उंची वा वजन यांवरून रोजगारात होणारा भेदभाव दुर्लक्षित राहिला आहे. तो उघडपणे क्वचितच व्यक्त होतो. ‘व्यक्तिमत्त्व’ या मोघम निकषाआड तो सहज दडतो.

कारणमीमांसा :
एखाद्या व्यक्तीच्या एका गुणाविषयीचे अनुकूल मत तिच्या इतर गुणांच्या मूल्यमापनावरही पसरते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. यालाच ‘वलय परिणाम’ म्हणतात. देखणा उमेदवार मुलाखतीत अधिक बुद्धिमान वा विश्वासार्ह भासतो तो यामुळेच. डॅनियल हॅमरमेश व जेफ बिडल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिका व कॅनडाविषयक अभ्यासात, सामान्य रूपाच्या व्यक्तींपेक्षा कुरूप मानल्या गेलेल्या व्यक्तींचे वेतन ५ ते १० टक्क्यांनी कमी आढळले. हा परिणाम पुरुषांच्या बाबतीतही स्त्रियांइतकाच ठळक होता. शिवाय तो बहुतांशी व्यवसायनिरपेक्ष होता. म्हणजेच ‘ग्राहकांना देखणे कर्मचारी हवे असतात’ एवढेच त्याचे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही.

कायदेशीर बाजू :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ (२) मध्ये शासकीय सेवेपुरते धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास हे भेदभावाचे आधार निषिद्ध आहेत. रूपाचा त्यांत उल्लेख नाही. ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’ (१९८१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गर्भारपणी हवाईसुंदरीची सेवा संपविणारा नियम रद्द केला. तरुण व आकर्षक स्त्रीच हे काम अधिक चांगले करू शकते, हा युक्तिवादही फेटाळला. मात्र सेवेच्या पहिल्या ४ वर्षांतील विवाहबंदी न्यायालयाने वैध ठरविली. अमेरिकेतील वॉशिंग्टन डी.सी. येथील १९७७ च्या मानवी हक्क कायद्यात मात्र ‘वैयक्तिक रूप’ हा भेदभावाचा निषिद्ध आधार म्हणून स्पष्टपणे नमूद आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिड हल्लाग्रस्तांना दिव्यांगांत समाविष्ट केल्याने विद्रूपतेच्या एका प्रकारास तरी संरक्षण लाभले.

महाविद्यालयांची भूमिका :
निवड समितीत बसणारे आणि विद्यार्थ्यांना मुलाखतीसाठी घडविणारे, अशी प्राध्यापकांची भूमिका दुहेरी आहे. प्राथमिक छाननीत छायाचित्र न मागणे, सर्व उमेदवारांना समान प्रश्न विचारणे, प्रत्येक उत्तरास त्याच वेळी स्वतंत्र गुण देणे आणि ‘व्यक्तिमत्त्व’ या शीर्षकाखालील गुणांचे निकष आधीच लेखी ठरविणे, हे उपाय खर्चिक नाहीत.

समारोप :
रूप हे उमेदवाराचे कर्तृत्व नव्हे आणि रूपाचा अभाव हा त्याचा दोषही नव्हे. ग्रामीण भागातून प्रथमच मुलाखतीस जाणाऱ्या विद्यार्थ्याला अपयशाचे खरे कारण कोणी सांगत नाही. तो ते स्वतःच्या बुद्धीतील उणीव समजतो. ही या भेदभावाची सर्वांत मोठी, आणि कोणत्याही वेतन-आकडेवारीत न दिसणारी, हानी होय.