बांधावरून अंगणात

बुलडाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडच्या काळ्या रानात हरळीला कधीच मान मिळाला नाही. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या या गावाने पंधराव्या शतकात खानदेशच्या आणि बहमनी फौजांची झुंज पाहिली. १५८२ साली इथे खुदावंदखानाची मशीद उभी राहिली. फौजा गेल्या, हरळी राहिली. उन्हाळी नांगरट झाली की ढेकळांतून पांढऱ्या, गाठाळ काशा वेचायच्या, बांधावर ढीग घालायचा आणि पेटवायचा, हे वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. एका पेराएवढा तुकडा मातीत राहिला, तरी पहिल्या पावसात तो फुटतो.

त्याच काशा आता घरापुढे मुद्दाम लावल्या जातात.

मधल्या काळात बरंच बदललं. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउड इथे एडविन बडिंगने कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापायचं यंत्र बेतलं. पुढे इंग्रजांचे बंगले आणि जिमखाने यांच्याबरोबर राखलेली हिरवळ आपल्याकडे रुळली. गावात मात्र गवत कापायचं काम गुरंच करत. १९९० नंतर विदर्भात सोयाबीन पसरलं, ज्वारी हटली, कडबा घटला आणि दावणीही ओस पडू लागल्या. आज वऱ्हाडात ‘लॉन’ म्हटलं की आधी लग्नाचं कार्यालय डोळ्यांपुढे येतं!

यंत्र आलं, पण गुरांनी शिकवलेलं विसरून चालत नाही. चरल्यावरही हरळी मरत नाही, कारण तिचे डोळे जमिनीलगत असतात. तीच जागा रोज ओरबाडली तर मात्र मुळं उपाशी पडतात. म्हणून एका कापणीत उंचीचा तिसरा हिस्साच काढावा. तीनेक सेंटिमीटर गवत राखावं. उन्हाळ्यात थोडं जास्त, म्हणजे माती सावलीत राहते. पावसाळ्यात आठवड्याला कापावं, थंडीत वाढ मंदावली की क्वचितच. गवत ओलं असताना यंत्र घातलं तर ते लोळतं आणि चाकांखाली माती थापली जाते. पातं बोथट असेल तर ते कापत नाही, फाडतं. दोन दिवसांनी वाकून पाहिलं की टोकांना वाळलेल्या, पांढरट चिंध्या दिसतात.

खरी परीक्षा काळ्या मातीची. पावसात ती फुगून पाणी धरते, वैशाखात भेगाळते. लावणीआधी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळलं, थोडा उतार दिला, तर मुळं कुजत नाहीत. लव्हाळा खुरप्याने गाठीसकट काढावा. वरून उपटला तर तो पुन्हा येतोच.

पाण्याचा प्रश्न मात्र अंगणापुरता नाही. २०१६च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून ते प्रकरण उभं राहिलं होतं. बुलडाण्यासारख्या टँकर पाहिलेल्या जिल्ह्यात तो निर्णय योग्यच वाटतो. इथे हिरवळ ठेवायची तर बेताची ठेवावी, तीही धुण्याभांड्याच्या पाण्याच्या भरवशावर, साबण कमी वापरून. उन्हाळ्यात हरळी पिवळी पडली तरी घाबरायचं कारण नाही. जमिनीखाली काशा जिवंत असतात.

जून सरता सरता ती पुन्हा हिरवी होते. भाद्रपदात यंत्र बाहेर काढण्याआधी घरातलं कुणीतरी वाटी घेऊन उकिडवं बसतं आणि गणपतीसाठी त्याच हरळीतून तीन पात्यांच्या कोवळ्या एकवीस दूर्वा खुडून घेतं.