ठळक अक्षर आणि त्याचा अर्थ

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी उघडून पाहिल्या असतील, त्यांना काळ्या ओळींत तांबड्या शाईचे काही शब्द दिसले असतील. ‘श्रीभगवानुवाच’ हे शब्द, किंवा अध्यायाची समाप्ती, पुष्कळदा अशी लिहिलेली असे. ते शब्द श्लोकाहून थोर होते असे नव्हे. वाचणाराची नजर तेथे चटकन ठरावी, एवढाच हेतू. दासोपंतांची पासोडी जपणाऱ्या अंबाजोगाईच्या या जिल्ह्यात लेखनातील शिस्तीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आज आपले अर्ज आणि सूचना संकेतस्थळांवर येतात. त्या पानांमागे ‘एचटीएमएल’ ही खुणांची भाषा असते. शब्दापूर्वी खूण उघडावयाची आणि शब्दानंतर ती मिटावयाची, असा तिचा रिवाज. अक्षर ठळक दिसावे म्हणून तीत दोन खुणा आहेत : ‘बी’ आणि ‘स्ट्राँग’. पडद्यावर दोन्ही बहुधा सारख्याच दिसतात. मग दोन कशाला?

२०१४ साली प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ ने हा भेद स्पष्ट केला. ‘बी’ म्हणजे पोथीतील तांबडी शाई : पारिभाषिक शब्द, वस्तूचे नाव नजरेस आणून देणे, एवढेच तिचे काम. ‘स्ट्राँग’ मात्र सांगते की, हा मजकूर महत्त्वाचा, गंभीर किंवा तातडीचा आहे. ‘मूळ सातबारा टपालाने पाठवू नये’ या सूचनेस ‘स्ट्राँग’च हवी. बोलताना एखाद्या शब्दावर आपण जो आघात देतो, त्यासाठी ‘एम’ ही तिसरी खूण आहे. मराठीत ते काम पुष्कळदा आपला ‘च’ करतो. आणि केवळ शोभेसाठी अक्षर जाड करावयाचे असेल, तर ते ‘सीएसएस’ या सजावटीच्या भाषेवर सोपवावे.

सर्वांत मोठी चूक मथळ्यांत होते. मथळ्याला स्वतंत्र खूण असताना पुष्कळ जण साधी ओळ ठळक करून मोकळे होतात. डोळस माणसाचे त्यावाचून अडत नाही. पण अंध वाचक पान यंत्राकडून वाचवून घेतो आणि एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी घेत हवा तो भाग शोधतो. ठळक केलेली ओळ त्या यंत्राच्या लेखी मथळाच नव्हे. ‘अर्जाची मुदत’ हा भाग पानावर असूनही त्याला सापडत नाही, आणि त्यासाठी त्याला सारे पान ऐकत बसावे लागते.

शिवाय सगळेच ठळक केले, तर काहीच ठळक राहत नाही. देवनागरीत तर बारीक आकाराची जाड अक्षरे काना-मात्रांसह एकमेकांत मिसळतात. म्हणून खूण घालण्यापूर्वी स्वतःस विचारावे : हे नुसते दिसावयास हवे, की वाचकाने मनावर घ्यावयास हवे? उत्तर मिळाले, की खूण आपोआप ठरते.